अथेन्सचा ड्राख्मा, पाटणचा दाम

चाळीसगावच्या दक्षिणेला, गौताळ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणादेवीचे ठिकाण आहे. खानदेशातले हजारो भाविक तिथे जातात. त्याच परिसरात शके ११२८ (इ.स. १२०६-०७) चा एक शिलालेख आहे. त्या लेखानुसार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता. आजोबांचा सिद्धांतशिरोमणी आणि घराण्यातले इतर ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे पाटणला मठ स्थापन केला. तिथले निकुंभ घराण्यातले राजे सोइदेव आणि हेमाडिदेव यांनी या मठाला उत्पन्न लावून दिले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली हा लेख अभ्यासकांपुढे आणला.

लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी मराठीत आहेत. मठाचा खर्च चालावा म्हणून बाजारातून काय काय मिळायचे याची ती यादी आहे. प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल, गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी म्हणजे सुपाऱ्या, मापणीच्या उत्पन्नातला अर्धा वाटा. त्याच यादीत नगराने गिऱ्हाइकाकडून ‘दामाचा विसोवा’, म्हणजे दामाचा विसावा भाग, मठाला दिल्याची नोंद आहे.

हा दाम मूळचा आपला नाही. त्याचे संस्कृत रूप ‘द्रम्म’, आणि द्रम्म हा ग्रीकांचा ‘ड्राख्मा’. अथेन्सच्या बाजारात खणखणणाऱ्या चांदीच्या नाण्याचे नाव दीड हजारांहून अधिक वर्षांनी खानदेशातल्या एका मठाच्या हिशेबात, तेही मराठीत, कोरले गेले. राज्ये बुडाली, लिप्या विसरल्या गेल्या, देव बदलले; पण नाण्याची घडण आणि त्याचे नाव टिकून राहिले. हे कसे घडले ते टप्प्याटप्प्याने पाहता येते, आणि त्यातले बरेचसे टप्पे आपल्या अवतीभोवतीचे आहेत.

ग्रीकांची नाणी आणि त्यांची नावे

नाणी येण्याआधी ग्रीसमध्ये लोखंडी सळया पैशासारख्या वापरल्या जात. मांस भाजायच्या या सळईला ‘ओबेलोस’ म्हणत. अशा सहा सळया एका मुठीत मावत, म्हणून सहांचा जो जुडगा तो ‘ड्राख्मा’, म्हणजे मूठभर. आर्गोस इथल्या हेरा देवीच्या मंदिरात वाहिलेला अशा लोखंडी सळयांचा मोठा भारा उत्खननात सापडला आहे. पुढे चांदीची नाणी पाडली जाऊ लागली तेव्हा हीच नावे नाण्यांना मिळाली. लहान नाणे ‘ओबोल’ आणि सहा ओबोलांचा एक ड्राख्मा.

ग्रीसमध्ये शेकडो नगरराज्ये होती आणि वजनाच्या पद्धतीही अनेक होत्या. त्यांपैकी अथेन्सची ‘ॲटिक’ पद्धत सर्वांत दूरवर पसरली. तिच्यात ड्राख्म्याचे वजन सुमारे ४.३ ग्रॅम आणि ओबोलाचे जेमतेम ०.७ ग्रॅम. ओबोल इतका लहान की हातातून सुटला तर शोधून सापडू नये. त्याच्याही निम्म्या वजनाचा ‘हेमिओबोल’ पाडला जाई. वरच्या अंगाला दोन ड्राख्म्यांचा ‘डायड्राख्म’, चारांचा ‘टेट्राड्राख्म’ आणि क्वचित पाडला जाणारा दहांचा ‘डेकाड्राख्म’. या नावांचा पहिला भाग म्हणजे नुसता ग्रीक आकडा. तो कळला की नाव ऐकूनच नाण्याचे वजन सांगता येते.

मोठ्या हिशेबासाठी आणखी दोन शब्द होते. १०० ड्राख्म्यांची एक ‘मिना’ आणि ६० मिनांचा एक ‘टॅलंट’. एक टॅलंट म्हणजे ६००० ड्राख्मे, सुमारे २६ किलो चांदी. मिना किंवा टॅलंट नावाचे नाणे ग्रीकांनी चलनात आणले नव्हते. ती वजने होती आणि हिशेबाच्या वहीतली एकके होती.

वाचकाचा घोळ होतो तो ‘स्टेटर’ या शब्दापाशी. स्टेटर म्हणजे त्या त्या नगराचे प्रमाण नाणे. एजिना बेटाच्या कासवाच्या स्टेटरचे वजन सुमारे १२ ग्रॅम आणि त्यात दोन ड्राख्मे. कॉरिंथच्या पंखवाल्या घोड्याच्या स्टेटरचे वजन सुमारे ८.६ ग्रॅम आणि त्यात तीन. त्यामुळे नुसते ‘स्टेटर’ म्हणून भागत नाही. कोणत्या नगराचा, हे सांगावे लागते.

त्या काळी या चांदीला किती किंमत होती? इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस अथेन्सच्या टेकडीवर इरेक्थियम मंदिराचे काम चालू होते. त्याचे हिशेब दगडावर कोरलेले मिळाले आहेत आणि त्यांत कारागिराची एका दिवसाची मजुरी एक ड्राख्मा आहे. न्यायालयात ज्यूरी म्हणून बसणाऱ्या नागरिकाला दिवसाचे तीन ओबोल मिळत. म्हणजे एक टेट्राड्राख्म ही कारागिराची चार दिवसांची कमाई होती.

अथेन्सच्या टेट्राड्राख्मावर एका बाजूला अथीना देवीचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूला तिचे घुबड. ग्रीक लोक या नाण्याला सरळ ‘घुबड’च म्हणत. त्याची चांदी जवळपास शुद्ध असे आणि ती अथेन्सच्या दक्षिणेला असलेल्या लॉरियनच्या खाणींतून येई. इ.स.पू. ४८३ च्या सुमारास तिथे चांदीचा मोठा साठा लागला. ती चांदी नागरिकांत वाटून टाकावी असे अनेकांचे म्हणणे होते. अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लिस याने ती युद्धनौका बांधण्यासाठी वापरायला लावली. तीन वर्षांनी सलामिसच्या लढाईत याच नौकांनी इराणी आरमाराचा पराभव केला. त्या खाणींत राबणारे बहुतेक गुलाम होते, हेही विसरता कामा नये.

नाणे पाडण्याची रीत सोपी पण मेहनतीची होती. वजन करून घेतलेली चांदीची गोळी ऐरणीत बसवलेल्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा मारायचा. दोन्ही बाजूंची चित्रे एका घावात उमटत. म्हणूनच कुठल्याही दोन नाण्यांचा काठ सारखा नसतो आणि चित्र अनेकदा एका अंगाला सरकलेले असते.

भडोचपर्यंत

सिकंदराने आपल्या नाण्यांसाठी ॲटिक वजन स्वीकारले. त्याच्या मोहिमेबरोबर आणि त्याच्या सरदारांच्या राज्यांबरोबर ते इजिप्तपासून बॅक्ट्रियापर्यंत, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानापर्यंत पोचले. तिथले ग्रीक राजे हिंदुकुश ओलांडून इकडे आले, तेव्हा त्यांना भारतात आधीपासूनच चांदीचे पक्के चलन असल्याचे दिसले. ते आपले ‘कार्षापण’, म्हणजे लहान लहान छाप मारलेले, साधारण ३.३ ग्रॅमचे तुकडे.

ग्रीक राजांनी इथे शहाणपणाचा बदल केला. भारतासाठी त्यांनी सुमारे २.४५ ग्रॅमचा हलका ड्राख्मा पाडला. नाण्याच्या एका बाजूला ग्रीक अक्षरे आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत. अपोलोडोटसने तर चौकोनी नाणी पाडली. चौकोनी नाणे ही भारतीय पद्धत होती, आणि त्यावर चित्रेही हत्तीची आणि बैलाची. त्याच्यानंतरचा मिनँडर हा बौद्ध परंपरेतला मिलिंद राजा. त्याच्या नाण्यांवर ग्रीक भाषेत ‘तारणहार राजा मिनँडर’ आणि प्राकृतात ‘महाराजस त्रातारस’ असे शब्द येतात. परकी राजा लोकांच्या भाषेत बोलू लागला, आणि नाण्याने ते लिहून ठेवले.

ही नाणी पश्चिम किनाऱ्यापर्यंत आली याचा पुरावा एका खलाशाच्या पुस्तकात मिळतो. इ.स. पहिल्या शतकाच्या मध्याला कोणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत म्हटले आहे की, बॅरिगाझा म्हणजे भडोचच्या बाजारात अपोलोडोटस आणि मिनँडर यांचे जुने ड्राख्मे अजून चालतात. हे राजे होऊन गेल्याला तेव्हा दोनशे वर्षे होत आली होती. चांदी चांगली होती आणि वजन खात्रीचे होते, म्हणून राजा गेल्यावरही त्याचे नाणे बाजाराने सोडले नाही.

खानदेशाचा संबंध इथून सुरू होतो. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचे तेर, असे पेरिप्लसकार सांगतो. पैठणहून इंद्रगोपासारखे दगड आणि तगरहून कापड गाड्यांतून, खडतर वाटांनी भडोचला जात असे. या दोन टोकांच्या मध्ये तापी आणि गिरणेची खोरी आहेत. तापीकाठचे प्रकाशे आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यात होते. गिरणाकाठचे बहाळ जळगाव जिल्ह्यात आहे. या दोन्ही गावी १९५० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले आणि ताम्रपाषाण काळापासून ऐतिहासिक काळापर्यंतच्या वस्तीचे थर उघडे केले. चाळीसगावहून घाट चढताना लागणाऱ्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथल्या दात्यांच्या लेखांत पैठणच्या एका गंधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या घराण्याचे नाव आहे. वाटेवर लेणी, लेण्यांत व्यापाऱ्यांची दाने आणि दानामागे रोकड. खानदेशचे प्राचीन वैभव या साखळीवर उभे होते.

क्षत्रपांचा रुपेरी चेहरा

पेरिप्लसमध्ये भडोचच्या बाजूच्या राजाचे नाव ‘नांबानोस’ असे आले आहे. अभ्यासक त्याला क्षहरात घराण्यातला क्षत्रप नहपान मानतात. गुजरात, माळवा आणि नाशिक-पुण्यापर्यंतचा प्रदेश काही काळ त्याच्या ताब्यात होता.

नहपानाचे चांदीचे नाणे हातात घेतले तर साधारण सव्वादोन ग्रॅमचे आणि दीड सेंटिमीटर व्यासाचे भरते. हा भारतीय वजनाचा ड्राख्माच, थोडा झिजलेला. एका बाजूला राजाचे मस्तक, कडेने ग्रीक अक्षरे. मात्र त्या अक्षरांतली भाषा ग्रीक नाही. ‘राञो क्षहरातस नहपानस’ हे प्राकृत शब्दच ग्रीक अक्षरांत उतरवले आहेत. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती तेच शब्द ब्राह्मीत आणि खरोष्ठीत. तीन लिप्या एका नखाएवढ्या जागेत! उत्तरेकडचा खरोष्ठी वाचणारा, दक्षिणेकडचा ब्राह्मी वाचणारा आणि ग्रीक नाण्यांवर पिढ्यानपिढ्या विश्वास ठेवणारा व्यापारी, तिघांनाही ते आपले वाटावे अशी ती योजना होती. या नाण्यांची चांदी भडोचला उतरणाऱ्या रोमन नाण्यांची वितळवून मिळवलेली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. रोमन सोन्या-चांदीची नाणी तिथे फायद्याने बदलली जात, हे पेरिप्लसच सांगतो.

नहपानाचा जावई उषवदात याचे लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात आहेत. तापी, दमण, पार, डहाणू अशा नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या, असे त्यात आहे. आपल्या तापीवर नदी ओलांडायला फुकट सोय झाल्याची ही फार जुनी लेखी नोंद. त्याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात त्याने भिक्षूंसाठी ठेवलेल्या ठेवीचा हिशेब आहे आणि तो मुद्दाम करून पाहण्यासारखा आहे. त्याने ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. त्यांपैकी २००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दराने. वर्षाचे व्याज २४०. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे. वीस गुणिले बारा बरोबर २४०. उरलेले १००० दुसऱ्या श्रेणीकडे, महिना शेकडा पाऊण दराने, म्हणजे वर्षाला ९०, इतर खर्चासाठी. मूळ रक्कम कधीही मोडायची नाही. त्याने दिलेल्या ७०,००० कार्षापणांचे मूल्य एका सुवर्णाला ३५ या दराने २००० सुवर्ण होते, अशीही नोंद तिथे आहे. सोने आणि चांदी यांच्यातला विनिमयदर दगडावर कोरलेला आपल्याला इतका जुना आणि इतका स्पष्ट क्वचितच मिळतो.

इथे शब्दांची अदलाबदल लक्षात घ्यावी लागते. नहपानाचे चांदीचे नाणे घडणीने ड्राख्म्याच्या वळणाचे, पण लेखात त्याच्या राज्यातल्या चांदीच्या पैशाला ‘कार्षापण’ म्हटले आहे. परके नाणे आले तरी लोकांनी आपल्या तोंडातले जुने नाव लगेच टाकले नाही. ड्राख्म्याचे नाव रुळायला अजून काही शतके जायची होती.

नहपानाचा पाडाव सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने केला. त्याचा सर्वांत ठोस पुरावा नाशिक जिल्ह्यातल्या जोगलथेंबी इथे १९०६ साली सापडला. एका साठ्यात नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांचे तीन कमानींचे चैत्यचिन्ह आणि उज्जैनचे चिन्ह उमटवलेले. नाणी वितळवून नवी पाडण्यापेक्षा हे सोपे होते आणि राज्य बदलल्याची बातमी त्यातून हातोहाती पोचत होती. पुढे सातवाहनांनीही राजाचे मस्तक असलेली चांदीची नाणी पाडली. यज्ञ सातकर्णीचे असे एक नाणे पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सोपाऱ्याच्या स्तूपात मिळाले. शत्रू हरवला, पण त्याच्या नाण्याची घडण विजेत्याने उचलली.

चष्टनाच्या घराण्यातल्या क्षत्रपांनी हे नाणे पुढे चौथ्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालवले. त्यांची नाणी इतिहासकाराला फार मोलाची आहेत, कारण इ.स. १७८ च्या सुमारापासून मस्तकामागे शक वर्षाचा आकडा येऊ लागतो आणि दुसऱ्या बाजूला राजाबरोबर त्याच्या वडिलांचेही नाव असते. आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन हाती येतो. कोण कधी गादीवर आला, भावानंतर भाऊ की बापानंतर मुलगा, हे सारे या लहान नाण्यांवरून जुळवता आले. ग्रीक अक्षरे मात्र हळूहळू मरत गेली. ठसा कोरणाऱ्याला ती वाचता येईनाशी झाली. आधी चुका, मग नुसत्या उभ्या रेघा आणि शेवटी काठाची नक्षी. तरी ती कोणी काढून टाकली नाही. लोक ज्या रूपाला ओळखत होते ते रूप बदलण्याची जोखीम कोणत्याही टांकसाळीने घेतली नाही.

क्षत्रपांनंतर गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताने पश्चिम भारतासाठी याच घडणीची चांदीची नाणी पाडली, फक्त मागे गरुड आणला. उत्तर कोकण आणि नाशिकच्या बाजूला राज्य करणाऱ्या त्रैकूटकांनी, दह्रसेन आणि व्याघ्रसेन यांनी, क्षत्रपांचेच वळण ठेवले. सहाव्या शतकात कलचुरी कृष्णराजाची नाणी आली. तीही सुमारे दोन ग्रॅमची, एका बाजूला राजाचे मस्तक, दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी. नाशिक जिल्ह्यात बागलाणातल्या देवळाणे इथे अशी नाणी सापडली. इ.स. ७१० च्या सुमाराच्या अंजनेरीच्या ताम्रपटात अजूनही ‘कृष्णराज रूपक’ या नावाने व्यवहार चाललेला दिसतो. कृष्णराज जाऊन तेव्हा शतकाहून अधिक काळ लोटला होता.

द्रम्म आणि दाम

ड्राख्म्याची दुसरी वाट इराणातून आली. सिकंदरानंतरच्या ग्रीक राज्यांकडून पार्थियनांनी आणि त्यांच्याकडून सासानी सम्राटांनी ड्राख्मा घेतला. सासानींचे पातळ, रुंद, सुमारे चार ग्रॅमचे चांदीचे नाणे ‘द्रह्म’ म्हणून ओळखले जाई. त्यावर एका बाजूला सम्राटाचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूला अग्निवेदी व दोन रक्षक. हूणांच्या स्वाऱ्यांबरोबर ही नाणी पश्चिम भारतात आली आणि इथे त्यांच्या नकला होऊ लागल्या. नकलेची नकल होता होता सम्राटाचा चेहरा काही रेघांवर आणि अग्निवेदी काही ठिपक्यांवर आली. गुजरात, राजस्थान, माळवा आणि महाराष्ट्रात सापडणारे हे जाडसर नाणे म्हणजे ‘गधैया’. शिलाहारांच्या आणि इतर घराण्यांच्या लेखांत जो ‘द्रम्म’ पुन्हा पुन्हा येतो, तो याच परंपरेतला. नाणे फिरून फिरून आले आणि या वेळी आपले नावही घेऊन आले.

भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० मध्ये, सिद्धांतशिरोमणी पूर्ण केला. त्यातल्या लीलावतीत गणित सुरू करण्याआधी ते परिमाणे सांगतात आणि पहिला मान पैशाच्या कोष्टकाला मिळतो. ते असे:

२० वराटक (कवड्या) = १ काकिणी
४ काकिणी = १ पण
१६ पण = १ द्रम्म
१६ द्रम्म = १ निष्क

म्हणजे एका द्रम्माच्या १२८० कवड्या. मग अपूर्णांक शिकवताना ते एका कंजूष माणसाचे उदाहरण देतात. द्रम्माच्या निम्म्याचे दोन तृतीयांश, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचा एक पंचमांश, त्याचा एक षोडशांश आणि त्याचा एक चतुर्थांश इतके त्याने याचकाला दिले, तर किती कवड्या दिल्या? करून पाहा. पहिल्या तीन पायऱ्यांत पाव द्रम्म उरतो, मग द्रम्माचा विसावा भाग, मग तीनशेविसावा आणि शेवटी बाराशेऐंशीवा. उत्तर एक कवडी. अपूर्णांकांचा एवढा डोंगर चढून हाती एकच कवडी येते, आणि कंजूषपणाचेही माप निघते. हे गणित पाटणच्या मठात शिकवले जात होते आणि तो मठ ज्या पैशावर चालत होता त्यात दामही होता. गणितातला द्रम्म आणि बाजारातला दाम यांची अशी गाठ एकाच गावात, एकाच घराण्याच्या नावाने पडते. खानदेशाला याचा अभिमान वाटायला हवा.

त्यानंतर दामाने धातूही बदलला. अकबराच्या काळात ‘दाम’ म्हणजे सुमारे वीस ग्रॅमचे जाड तांब्याचे नाणे आणि ४० दामांचा एक रुपया. साम्राज्याचा महसूल दामांत मोजला जाई. अकबराने १६०१ साली असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला, तेव्हा इथल्या हिशेबांतही ती पद्धत शिरली. दामाचा क्षुद्र अंश ती ‘दमडी’. आज ‘दाम करी काम’ म्हणताना, दामदुप्पट योजनेला भुलू नका असे सांगताना, खिशात दमडी नाही म्हणताना आपण याच नाण्याचे नाव घेत असतो.

इराणी ‘द्रह्म’ अरबांनी घेतला तो ‘दिरहम’ झाला. आज दुबईत काम करणारा जळगाव-धुळ्याचा तरुण दिरहमात पगार घेतो आणि घरी रुपये पाठवतो. आर्मेनियाचे चलन ‘द्राम’ आहे. खुद्द ग्रीसने आधुनिक काळात पुन्हा स्वीकारलेला ड्राख्मा २००२ साली युरोसाठी सोडून दिला.

सापडलेल्या नाण्याचे काय करावे?

एवढा मोठा प्रवास कळला तो कुणाच्या बखरीतून नव्हे. शेतात, पडक्या भिंतीत, नदीकाठी सापडलेल्या नाण्यांतून कळला. एकटे नाणे राजाचे नाव सांगते, पण साठा त्याहून कितीतरी अधिक सांगतो. सर्वांत अलीकडच्या वर्षाचे नाणे कोणते, यावरून साठा केव्हा पुरला गेला ते ठरते. झिजलेली नाणी किती आणि कोरी किती, यावरून कोणते चलन किती काळ फिरत होते ते कळते. जोगलथेंबीचा साठा एकत्र राहिला म्हणून नहपान आणि गौतमीपुत्र यांचा क्रम निश्चित झाला. ती नाणी दहा दुकानांत विखुरली असती, तर एवढा भक्कम पुरावा हाती लागला नसता.

जळगावची सोन्या-चांदीची बाजारपेठ प्रसिद्ध आहे आणि सराफाच्या मुशीत जुनी चांदी रोज वितळते. दोन ग्रॅमच्या झिजलेल्या नाण्याचे तिथे चांदीच्या भावाने फार थोडे पैसे येतात. इतिहासातली त्याची जागा मात्र कायमची पुसली जाते. म्हणून नांगरताना, विहीर खणताना, पाया काढताना जुने नाणे मिळाले तर काही साध्या गोष्टी पाळाव्यात. चिंच, लिंबू किंवा आम्ल लावून ते घासू नये. अक्षरे त्यातच जातात. नाणी मडक्यात असतील तर मडक्याचे तुकडेही ठेवावेत. जागा नेमकी लिहून ठेवावी आणि काढण्याआधी छायाचित्र घ्यावे. लहान गोल चांदीच्या नाण्यावर उजवीकडे पाहणारे मस्तक आणि मागे तीन शिखरांचा डोंगर, चंद्र, सूर्य दिसले तर ते क्षत्रपांचे असण्याची दाट शक्यता आहे.

जमिनीत सापडलेल्या धनाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी देणे १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार बंधनकारक आहे. यात शोधणाऱ्याचे नुकसान नाही. कोणी मालक पुढे आला नाही तर या कायद्यात शोधणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा वाटा ठरवून दिला आहे, आणि सरकारने ते धन ठेवून घेतले तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम देण्याची तरतूद आहे. लपवणे हा मात्र गुन्हा ठरतो.

धुळ्याला इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाने १९२७ साली स्थापन झालेले संशोधन मंडळ आहे. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे वाचवली. तोच कित्ता नाण्यांच्या बाबतीत आपण गिरवायला हवा. शाळा-महाविद्यालयांच्या सहली पाटणच्या शिलालेखापर्यंत, पांडवलेण्यांतल्या उषवदाताच्या हिशेबापर्यंत जाव्यात. इतिहासाच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ब्राह्मीची चार अक्षरे आणि शक वर्षात ७८ मिळवण्याची रीत शिकवावी. जुन्या नाण्याबद्दल गावात कुजबुज ऐकू आली तर जाणत्या माणसाने ते सराफाकडे जाण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत पोचवावे. खानदेशाच्या इतिहासाची पुढची पाने अजून जमिनीखाली आहेत. ती वितळू न देणे हे आपल्याच हाती आहे.